छर्रा टोकदार घ्या नाहीतर चपटा, ससा मारला तर गुन्हा एकच

पिंप्राळा (जळगाव) : हरभऱ्याला कोंब फुटले की सशांचा त्रास सुरू होतो. रात्री येतात, कोवळे शेंडे खातात, सकाळी शेतकरी बांधावर उभा राहून ओळी मोजत बसतो. पूर्वी यावर उपाय ठरलेले होते. बुजगावणं, डबा वाजवणं, माळ्यावर बसून गोफण फिरवणं. आता हातात मोबाइल आहे आणि मोबाइलमध्ये व्हिडिओ आहेत. 'सशासाठी कोणता छर्रा भारी?', 'टोकदार की गोल?', 'पन्नास मीटरवर कोण पाडतो?' असे. बघणारे बघतात, आणि पुढच्या आठवड्यात कोणाच्या तरी ओळखीने गावात छऱ्याची बंदूक येते. विचारलं तर उत्तर एकच मिळतं : "याला लायसन लागत नही भो."

हे वाक्य अर्धं खरं आहे. आणि त्या उरलेल्या अर्ध्यामुळेच शाळा-कॉलेजातली पोरं कोर्टाच्या पायऱ्या चढू शकतात.

आधी खरा अर्धा भाग. शस्त्र नियम 2016 प्रमाणे एअरगनची नळी 4.5 मिलिमीटरपर्यंत, म्हणजे ज्याला 'पॉइंट वन सेव्हन सेव्हन' म्हणतात तेवढी असेल, आणि छर्रा नळीतून बाहेर पडताना त्याची ताकद 20 ज्यूलच्या आत असेल, तर घेणाऱ्याला शस्त्र परवाना लागत नाही. या दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. 5.5 मिलिमीटरची, म्हणजे 'टू टू'ची नळी असली की परवाना आलाच, मग ताकद कितीही कमी असो.

खोक्यावरचा हजार फुटांचा आकडा

20 ज्यूल म्हणजे किती, हे बहुतेक घेणाऱ्यांना माहीत नसतं आणि विकणारे सांगत नाहीत. हिशेब अवघड नाही. 4.5 मिलिमीटरचा नेहमीचा शिशाचा छर्रा साधारण अर्धा ग्रॅम वजनाचा असतो. तो सेकंदाला 200 मीटर वेगाने सुटला तर त्याची ताकद 10 ज्यूल होते. 283 मीटर वेगाने सुटला तर 20 ज्यूल. आता खोक्यावर किंवा जाहिरातीत मोठ्या अक्षरात '1000 फूट प्रति सेकंद' असं लिहिलेलं असतं. 1000 फूट म्हणजे जवळपास 305 मीटर. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा खरोखर त्या वेगाने गेला तर ताकद 23 ज्यूलच्या वर जाते, म्हणजे ती बंदूक बिनपरवाना हत्यार ठरते. 0.4 ग्रॅमचा हलका छर्रा घातला तर त्याच वेगाला साडेअठरा ज्यूल होतात.

थोडक्यात, मोठा आकडा बहुतेक वेळा हलक्या छऱ्यावर काढलेला असतो. पण घेणारा त्या आकड्याच्या नादात 'अजून दमदार' स्प्रिंग टाकून घेतो, कोणी गॅसवाली पिस्टन बसवतो, आणि बाजारातून घेताना कायद्यात बसणारी वस्तू घरी येऊन कायद्याबाहेर जाते. पोलिसांनी पकडून तपासणीला पाठवली तर कागदावर 'एअरगन' लिहिलेलं राहत नाही, शस्त्र कायदा लागतो.

चार तऱ्हेचे छर्रे

व्हिडिओत ज्यावर तासभर वाद चालतो ते छर्रे मुळात चार तऱ्हेचे. चपट्या तोंडाचा, टोकदार, गोल डोक्याचा आणि तोंडाशी खळगा असलेला. चौघांचीही कंबर बारीक आणि मागचा घेर पोकळ असतो, डमरूसारखा. तो घेर नळीला घट्ट बसतो आणि हवेत छर्रा सरळ ठेवतो.

चपटा छर्रा कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतो. म्हणून नेमबाजीच्या स्पर्धेत तोच वापरतात. दहा मीटर एअर रायफल स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. भोकाची कड नीट कळली नाही तर गुणच ठरवता येणार नाहीत. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 मध्ये कैरोला याच प्रकारात जगज्जेतेपद मिळवलं. तिथल्या रायफलीची ताकद खेड्यात मिरवल्या जाणाऱ्या कित्येक बंदुकांपेक्षा कमी असते. अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्याला 170 मीटरचा वेग दिला तर सात-साडेसात ज्यूल होतात, आणि त्या खेळाला तेवढं पुरतं. नेम ताकदीवर ठरत नाही, हे नेमबाजाला पहिल्या महिन्यात कळतं. व्हिडिओवाल्यांना वर्षानुवर्षं कळत नाही.

चपट्या तोंडामुळे हवा जास्त अडते, म्हणून वीस-पंचवीस मीटरच्या पुढे तो लवकर मंदावतो. टोकदार छर्रा दिसायला गोळीसारखा, म्हणून गावात त्याला मान जास्त. प्रत्यक्षात शिशाचं ते मऊ टोक डबीतच एकमेकांवर आपटून वाकतं आणि छर्रा भरकटतो. गोल डोक्याचा हवेत सर्वांत शहाणा, लांबवर सरळ जातो. खळग्याचा छर्रा आदळल्यावर पसरावा अशी कल्पना आहे, पण पसरायला वेग लागतो, आणि कमी ताकदीच्या बंदुकीतून दूर गेल्यावर तो वेग उरत नाही.

मग परदेशातले लोक सशावर हे छर्रे कसे वापरतात? वापरतात, कारण तिथली गोष्टच वेगळी. ब्रिटनमध्ये बारा फूट-पाउंडपर्यंतच्या, म्हणजे सुमारे सव्वासोळा ज्यूलच्या एअर रायफलला बहुतेक ठिकाणी फायरआर्म सर्टिफिकेट लागत नाही, आणि जमीनमालकाची परवानगी घेऊन रॅबिट मारायला कायदा आड येत नाही. तो रॅबिट बिळात राहणारा, वसाहती करणारा, झपाट्याने वाढणारा. आपल्याकडचा मानेवर काळा पट्टा असलेला ससा वेगळ्या जातीचा आहे. तो बीळ खणत नाही, गवतात उघड्यावर दबून बसतो, एकटा राहतो. इंग्रजीत त्याला नावही वेगळं आहे, 'हेअर'. भाषांतर करताना मराठीत दोघेही ससाच झाले आणि तिकडची परवानगी इकडे लागू असल्याचा समज पसरला. (पांढरा पाळीव ससा मूळचा त्या रॅबिटच्या जातीचा. त्याचं पालन हा वेगळा धंदा आहे, त्याचा या भानगडीशी संबंध नाही.)

1 एप्रिल 2023 नंतर काय बदललं

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात पूर्वी सहा अनुसूच्या होत्या आणि ससा, तितर, लावा, होला ही मंडळी चौथ्या अनुसूचीत, म्हणजे खालच्या पायरीवर होती. शिकार तेव्हाही बंदच होती, पण 'चौथ्या शेड्यूलचा मामला आहे, दंड भरून मिटेल' अशी भाषा ऐकू यायची. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि चौथी अनुसूचीच गेली. हे प्राणी दुसऱ्या अनुसूचीत आले. उपद्रवी प्राण्यांची जुनी पाचवी अनुसूचीही गेली. आता एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा तर केंद्र सरकारने ठरावीक भागापुरती आणि ठरावीक काळापुरती अधिसूचना काढावी लागते. ग्रामपंचायतीचा ठराव किंवा गावातल्या पुढाऱ्याचा शब्द तिथे चालत नाही.

शिक्षा अशी : साधारण गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद, किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुरुस्तीपूर्वी दंडाची हद्द 25 हजार होती. तडजोडीने प्रकरण मिटवायचं म्हटलं तरी त्या रकमेची कमाल मर्यादा 25 हजारांवरून 5 लाखांवर गेली आहे. मोर, काळवीट, चिंकारा, बिबट्या हे पहिल्या अनुसूचीत. तिथे कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 7 वर्षं कैद, शिवाय 25 हजारांपेक्षा कमी नाही असा दंड, आणि तडजोड नाहीच. अभयारण्यात केलेल्या शिकारीलाही हीच जड शिक्षा, मग मारलेला प्राणी ससा का असेना. यावल, अनेर धरण, गौताळा-औट्रमघाट या तिन्ही अभयारण्यांलगतच्या गावांनी हे ध्यानात ठेवावं. अभयारण्यात परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणं हाच वेगळा गुन्हा आहे, आणि कायद्यातली 'हत्यार' शब्दाची व्याख्या इतकी रुंद आहे की प्राण्याला इजा करू शकणारं कुठलंही साधन तिच्यात बसतं. एअरगन बसते, फासा बसतो, गलोलही बसते.

लोक चुकतात ते 'शिकार' या शब्दावर. गावात शिकार म्हणजे जनावर मेलं पाहिजे. कायद्यात तसं नाही. पकडणं, जाळं लावणं, हुसकावून कोंडणं, आमिष दाखवणं, अंडी-घरटी मोडणं, आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, सगळं शिकारीत मोडतं. नेम चुकला तरी गुन्हा घडलेला असतो. बॅटरी धरणारा मित्र, मोटारसायकल चालवणारा मित्र, दोघेही मदत केली म्हणून त्याच रांगेत उभे राहतात. मोटारसायकल जप्तीत जाते. घरात मांस सापडलं तर ते कायदेशीर मार्गाने आलं आहे हे दाखवायची जबाबदारी घरमालकावर येते, कारण कायदा आधी ते बेकायदा आहे असंच धरून चालतो.

आणि रील. मारलेला ससा कानाला धरून काढलेला फोटो, पाठीमागे हिंदी गाणं, खाली गावाचं नाव. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 मध्ये मोबाइलमधला मजकूर पुरावा म्हणून कसा मांडायचा याची तरतूद आहे. वनविभागाला पाळत ठेवायची गरज उरत नाही, आरोपीने स्वतःच तारीख, वेळ, ठिकाण आणि चेहरा पुरवलेला असतो.

शेत आणि कॉलनी यांच्यात एक कुंपण

पिंप्राळ्याची अडचण आणखी वेगळी आहे. आषाढी एकादशीच्या रथोत्सवासाठी ओळखलं जाणारं हे गाव आता जळगाव महापालिकेच्या हद्दीत आहे. एका बाजूला नव्या कॉलन्या, दुसऱ्या बाजूला गिरणेच्या दिशेने पसरलेली शेतं, आणि मध्ये कुठे तारेचं कुंपण तर कुठे तेही नाही. इथे चुकलेला छर्रा कुठे जाऊन थांबेल? नळीतून सुटलेला छर्रा जनावरावर बेतलेल्या अंतराच्या पुष्कळ पुढे, शे-दोनशे मीटरपलीकडेही जाऊ शकतो. दगडावर किंवा कडक वाळलेल्या जमिनीवर आपटला तर उसळून भलत्याच दिशेला जातो. माणसाच्या कवटीला तो भेदणार नाही कदाचित, डोळ्याला मात्र त्याहून फार कमी वेग पुरतो, आणि गेलेला डोळा परत येत नाही.

त्या मानाने लहान नुकसान सांगायचं तर ठिबकच्या नळ्या. ज्या जिल्ह्याने देशाला ठिबक शिकवलं तिथे सशावर झाडलेला छर्रा नळीत घुसतो, आणि शेजाऱ्याला ते कळतं आठ दिवसांनी, ओळीतली झाडं माना टाकायला लागल्यावर. बांधावरची भांडणं याहून लहान कारणावरून झाली आहेत.

शिसं हा आणखी एक भाग, ज्यावर व्हिडिओत अवाक्षर नसतं. छर्रा शिशाचा. पोरं मूठभर छर्रे खिशात टाकतात, भरताना सोयीचं म्हणून दोन-चार तोंडात धरतात. शिशाची मुलांसाठी सुरक्षित अशी कुठलीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलाच्या मेंदूच्या वाढीवर ते परिणाम करतं, आणि परिणाम दिसायला लागेपर्यंत कोणाला संशयही येत नाही. मांसात छर्रा फुटला तर बारीक कण आजूबाजूला पसरतात, छर्रा काढून टाकला तरी ते राहतात. जखमी होऊन झुडपात मेलेलं तितर कोल्हा नाहीतर घार खाते, शिसं तिच्या पोटात जातं. युरोपियन युनियनने पाणथळ जागी शिशाचे छर्रे वापरायला फेब्रुवारी 2023 पासून बंदी घातली ती पाणपक्ष्यांना होणाऱ्या याच विषबाधेमुळे. हतनूरच्या जलाशयावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात, त्या काठांना हा विषय परका नाही. कथिलाचे, बिनशिशाचे छर्रे मिळतात. महाग असतात, म्हणून गावात कोणी घेत नाही.

तितराबद्दल एक गोष्ट शेतकऱ्याने विचारात घ्यावी अशी. तितर दाणे खातं हे खरं, पण त्याच्या आहारात वाळवी आणि किडेही भरपूर असतात. भल्या सकाळी बांधावर 'कतीतर-कतीतर' करणारी जोडी वाळवीचा किती फडशा पाडते हे मोजायला कोणी बसत नाही. दोन दाणे उचलले की ती चोर ठरते.

मग पिकाचं काय?

हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून कायदा सांगणं सोपं आहे. रात्रभर राखण करणाऱ्याला 'प्राण्यांवर प्रेम करा' सांगून भागत नाही.

रानडुक्कर आणि नीलगाय यांच्यासाठी एअरगन निरुपयोगी, किंबहुना जिवावर बेतणारी. 20 ज्यूलचा छर्रा डुकराच्या जाड कातडीला डिवचतो फक्त, आणि डिवचलेलं डुक्कर मक्यातून सरळ माणसावर येतं. अशा जनावरांनी पिकाचं नुकसान केलं तर कायद्याच्या कलम 11 प्रमाणे वनविभागाकडून लेखी परवानगी मिळण्याची वाट आहे. परवानगी कागदावर असते, ठरावीक जनावरासाठी असते आणि देणारा अधिकारी ठरलेला असतो. नुकसानभरपाईही आहे. नुकसान झाल्यापासून 3 दिवसांच्या आत जवळच्या वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज गेला पाहिजे, मग पंचनामा होतो. तीन दिवस ही अट अनेकांचा दावा बुडवते. शेतकरी आधी तलाठ्याकडे जातो, तिथून कृषी सहायकाकडे, आणि वनविभागाकडे पोहोचेपर्यंत आठवडा उलटतो. मोबाइलमध्ये त्या दिवशीच्या पिकाचे फोटो आणि पायांचे ठसे टिपून ठेवले तर पंचनाम्याला आधार मिळतो. वनविभागाची 1926 ही हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार नोंदवली की तारीख तरी हाताशी राहते.

सशाच्या बाबतीत मात्र शासनाची बाजू लंगडी आहे, हे म्हटलंच पाहिजे. भरपाईची व्यवस्था मुख्यतः रानडुक्कर, हरिण, नीलगाय, माकड, गवा, हत्ती अशा जनावरांभोवती उभी आहे. सशाने दोन वाफे हरभरा खाल्ला तर त्याचा पंचनामा करायला कोण येणार? लहान शेतकऱ्याचं लहान नुकसान कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि त्याच रागातून छऱ्याची बंदूक घरात येते. कायदा कडक करताना 2022 च्या दुरुस्तीने ससा वरच्या अनुसूचीत नेला, त्याच्या पोटाचा खर्च कोणी उचलायचा हे मात्र सांगितलं नाही. उगवणीच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांपुरती खालून दोन फूट बारीक जाळी, किंवा जुन्या साड्यांचं कुंपण, हा खर्च आज शेतकरीच करतो. ससा शेंडे कोवळे असेपर्यंतच जास्त छळतो, रोप जून झालं की जोर ओसरतो. कुंपणाच्या योजनांत रानडुकराच्या जोडीला या स्वस्त जाळीचाही विचार झाला तर बऱ्याच बंदुका फळीवरच राहतील.

दुसरी बोच संशयाची. शिकारीचा विषय निघाला की बोट आधी पारध्यांच्या पालाकडे आणि सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा पाड्यांकडे वळतं. नवी कोरी एअरगन आणि तिच्यावरची दुर्बीण विकत घेण्याची ऐपत तिथे किती जणांची आहे? हौसेने बंदूक घेणारा बहुतेक वेळा मोटारसायकलवर फिरणारा, रस्त्यालगत शेत असलेला असतो. चौकशी तिथूनही सुरू झाली पाहिजे.

अरुणाचल प्रदेशात 2021 च्या मार्चमध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावातून एअरगन परत देण्याची मोहीम सुरू झाली. लोकांनी आपणहून बंदुका आणून दिल्या आणि पुढे हा आकडा दोन हजारांच्या वर गेला. तिथे तर शिकार ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. जळगाव जिल्ह्यात प्रत्येक ग्रामपंचायतीत कागदावर जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे. तिची बैठक कधी झाली हे सदस्यांनाही आठवत नसेल, पण गावात किती छऱ्याच्या बंदुका आहेत याची नुसती यादी करायलाही ती चालेल.

ज्याला खरंच नेम धरायची हौस आहे त्याला रस्ता बंद नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 ला पॅरिसहून रायफल नेमबाजीतलं ऑलिम्पिक कांस्यपदक घेऊन आला. त्याचा प्रकार पन्नास मीटरचा, एअरगनचा नव्हे, पण तोही शेतावाडीच्या गावातलाच पोरगा. त्यासाठी दहा मीटरची बंद जागा, मागे छर्रा अडवणारी जाड फळी, डोळ्याला चष्मा आणि चपट्या छऱ्यांची डबी लागते.

ज्यांच्या घरात बंदूक आहेच त्यांनी दोन गोष्टी आजच तपासाव्यात. नळीवर 4.5 कोरलेलं आहे की 5.5, आणि विकत घेतल्याची पावती सापडते का. 5.5 निघाली आणि परवाना नसला तर ती लपवून ठेवण्यापेक्षा वकिलाला विचारून पोलीस ठाण्यात जमा करणं बरं. 4.5 ची असली तर छर्रे आणि बंदूक वेगवेगळ्या कुलपात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवावीत.